जोतीरामआण्णांची चुकलेली जोड

जोतीरामआण्णा चौगल्यांनी लावलेली जोड चुकत नाही, असं राधानगरी तालुक्यात कुणीही सांगेल. यात्रेत कुस्त्यांचा फड ठरला की पहिला निरोप आण्णांना. दोन पैलवान मैदानात आणून उभे करणं काय, कुणालाही जमतं. पण कोण कुणाच्या तोलाचा, हे ओळखायला नजर लागते. आण्णा काट्यावर वजन करायचे नाहीत. पैलवानाला दहा पावलं चालायला लावायचे, मान बघायचे, मनगट दाबून बघायचे आणि दोघांचे हात एकमेकांत देऊन मोकळे व्हायचे. चाळीस वर्षांत त्यांनी लावलेली एकही कुस्ती एकतर्फी झाली नाही. निदान आण्णा तसं सांगायचे, आणि त्यांच्या तोंडावर "न्हाय" म्हणायची कुणाची छाती नव्हती.

असा माणूस चुकला कुठं म्हणाल, तर फुलेवाडीतल्या स्वतःच्या घरात, टीव्हीशेजारच्या काचेच्या टाकीत.

टाकी मोनाची. मोना म्हणजे आण्णांची एकुलती एक लेक, हायस्कुलात विज्ञान शिकवते. नोकरी लागल्यावर माणूस स्कूटर घेतो, अंगावर एखादा दागिना करून घेतो. ह्या बाईंनी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. आत समुद्रातले दगड, आणि दगडांच्या सांदीत दोन क्लाउनफिश. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, बोटाएवढी लांबी. मोठी होती ती राणी आणि बारका तो लिंबू. आण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले, "माशाला मीठ लावत्यात हे ठावं हाय. माशाच्या पाण्यात मीठ घालणारी तू पयली!" सात वर्षं हा एकच विनोद त्यांनी येईल त्या पाव्हण्याला ऐकवला. मोना दर वेळी हसायची. पण त्या टाकीपुढं बूड टेकून आण्णा कधी पाच मिनिटं बसले नव्हते, हेही तितकंच खरं.

मग मोनाला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बंगळूरला जायचं झालं. जाताना तिनं टाकी आण्णांच्या हवाली केली. खाणं किती, पाणी कधी बदलायचं, सगळं कागदावर लिहून दिलं आणि शेवटी म्हणाली, "आण्णा, झाकण तेवढं नीट लावत जावा. हे मासं उडी मारत्यात."

"चाळीस वर्षं पैलवान सांभाळल्यात. दोन मासं सांभाळायचं म्हंजे काय अवघड हाय?" आण्णा म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात झाकण बोटभर उघडं राहिलं. सकाळी बाळाबाई, म्हणजे मोनाची आई आणि आण्णांच्या मालकीणबाई, केर काढायला आल्या तर लिंबू सोफ्याखाली वाळून पडलेला. आण्णांनी त्याला तळहातावर उचललं. पोरीनं एवढ्या विश्वासानं हातात दिलेली गोष्ट, आणि आपण ही अशी राखली! त्यांना स्वतःचाच राग आला, आणि राग आला की गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

राणी एका कोपऱ्यात जाऊन राहिली होती. टाकलेलं अर्धं खायची, अर्धं सोडायची. आण्णांच्या मनानं घेतलं की ती एकटी पडली. मोना यायच्या आत हिला जोडीदार आणायचा आणि मगच पोरीला तोंड दाखवायचं. जोड लावायला आपल्यापेक्षा मोठा माणूस कोल्हापुरात आहे कोण?

राजारामपुरीत आदर्शचं माशांचं दुकान आहे. तो बिचारा म्हणाला, "काका, तुमची मोठी हाय न्हवं? मग हे बारकं न्या." आणि त्यानं नखाएवढं पिल्लू दाखवलं.

आण्णांना ते अपमानासारखं लागलं. राणीसमोर हे चिलट? "मला जोड शिकवालायस व्हय रं? तुझा बा शाळेत जात हुता तवापास्नं जोडी लावालोय मी!" म्हणून त्यांनी दुकानातल्या साऱ्या काचा न्याहाळल्या आणि त्यातला सगळ्यात दांडगा मासा निवडला. लांबी राणीएवढी, अंग राणीएवढं, चालही तशीच ऐटबाज. आदर्श आणखी काही सांगू बघत होता. आण्णांनी ऐकून घेतलं नाही.

घरी येऊन त्यांनी नव्या माशाला टाकीत सोडलं, खुर्ची ओढली आणि बाळाबाईंना हाक मारली. "ये गं, बघ. ह्याला म्हंत्यात जोड."

दोन्ही मासे समोरासमोर आले. आधी लांबूनच एकमेकांचा अंदाज घेत खडाखडी झाली. मग एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून ते गरगर फिरायला लागले. आण्णांचे डोळे चमकले. "वा रं पठ्ठ्या! सोडू नगंस!" लेकीच्या टाकीत एवढी रंगत असते हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. नव्याची शेपटी फाटली तरी ते म्हणत होते, "हुंदे, निकाली हुंदे." मैदानात पाठ लागली की कुस्ती संपते, जिंकलेला हरलेल्याला उठवतो, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतात. हेही तसंच होणार, असं आण्णा धरून चालले होते.

राणी थांबेचना. नवा मासा पळून वरच्या कोपऱ्यात नळीमागं जाऊन उभा राहिला, त्याचे कल्ले धापा टाकत होते. तरी ती जाऊन जाऊन त्याचे लचके तोडायला लागली.

"अवो, हितं पंच कोण हाय?" बाळाबाई ओरडल्या. "मरालंय की ते! उठा!"

आण्णा ताडकन उठले. खरंच की, ह्या फडात पंच कोण? आपणच. त्यांनी भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळीदार बुट्टी घेतली, बाहीसकट हात पाण्यात घातला आणि जखमी माशाला उचलून बुट्टीत घातलं. बुट्टी टाकीच्या काठाला सुतळीनं बांधून पाण्यातच टांगली. मासा जगला. चाळीस वर्षांत एवढी वाईट जोड त्यांच्या हातून लागली नव्हती, आणि लागली ती लेकीच्या टाकीत.

फोन करायला त्यांना तास लागला. दोनदा नंबर लावून कापला. शेवटी बाळाबाईंनीच व्हिडिओ लावून फोन त्यांच्या तोंडापुढं धरला. आण्णांनी लिंबूपासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मोनाचे डोळे भरून आले. मग नाक पुसून म्हणाली, "झाकणाचं जाऊ दे आण्णा. उडी माझ्यासमोर पण मारली असती. पण दोन सारखी कशाला आणलासा?"

"जोड बरोबरीचीच लावायची असती की!"

"फडात. हितं न्हाय." आणि ती वर्गात सांगावं तसं सांगायला लागली. हे मासे सगळे जन्मतात नर; त्यातला जो सगळ्यात मोठा होतो तो मादी बनतो, आणि घराची मालकीण तीच. तिच्या हाताखाली राहणारा तो नर, तो बारकाच असावा लागतो. दोन मोठ्या माद्या एका घरात आल्या तर एक मरेपर्यंत भांडण मिटत नाही, कारण एकदा मादी झालेला मासा परत नर होत नाही. "तुम्ही दोन मालकिणी एका चुलीपुढं बसवलासा."

आण्णांनी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना जोड शिकवत होतं आणि ते मान डोलवत होते. "बरं, मग आता कसं करायचं, सांग."

मोनानं सांगितलं तसं त्यांनी सगळं केलं. जखमी मासा आदर्शच्या दुकानात परत नेला. "तुझं ऐकाय पायजे हुतं बाबा," असं त्याला चारचौघांत म्हणाले. आदर्शनं त्याला वेगळं ठेवून औषध सुरू केलं, आणि आण्णा ते नखाएवढं पिल्लू घेऊन आले. मग बुट्टीत कोंडायचं ते पिल्लाला नाही, राणीला! टाकीतले दगडही हलवून मांडायचे, म्हणजे राणीला आपली जुनी हद्द सापडणार नाही आणि बारक्याला आधी घर ओळखीचं होईल. हे मात्र आण्णांना लगेच पटलं. "म्हंजे माती नवी टाकायची, आन् गावचा पैलवान थोडं दीस बाजूला बसवायचा. असं सांग की सरळ!"

दहा दिवस राणी बुट्टीत होती. पहिले चार दिवस पिल्लू जवळ आलं की ती जाळीवर धडका मारायची. आण्णा सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसायचे आणि धडका मोजायचे. चाळीस झाल्या, मग पंचवीस, मग सात. रोजचा आकडा बंगळूरला कळवायचे. पाव्हण्यांना मिठाचा विनोद ऐकवायचं त्यांनी कधी सोडलं, ते त्यांच्याही लक्षात आलं नाही. दहाव्या दिवशी एकही धडक नाही.

"सोडा," मोना फोनवर म्हणाली, आणि तिला प्रशिक्षणाच्या बैठकीला बोलावलं म्हणून फोन ठेवून गेली.

आण्णांनी बुट्टी कलती केली. राणी बाहेर आली, सरळ पिल्लावर गेली. आणि पिल्लानं काय करावं? ते पळालं नाही, भिडलं नाही. तिच्या पुढ्यात आडवं झालं आणि सगळं अंग थरथर, थरथर हलवायला लागलं.

आण्णा खुर्चीवरनं उठले. हाताला हात लागायच्या आत गडी कापायला लागला! असल्या गड्याला फडातून बाहेर काढायचं, नाहीतर हकनाक मरतो. पिल्लाला काढायला त्यांनी बुट्टी उचलली.

बाळाबाईंनी मनगट धरलं. "थांबा. मागल्या टायमाला उशीर केलासा, आता घाई नगा करू. तिला इचारा."

पुन्हा फोन. मोना बैठकीतून उठून बाहेर आली. आण्णांनी कॅमेरा टाकीकडं वळवला. पोरगी अशी ओरडली की बाळाबाई दचकल्या.

"आण्णा! जमलं! हेच बघायचं हुतं! ते घाबरलं न्हाय, ते सांगालंय की घर तुझं, मी भांडत न्हाय. आता बघा, ती त्याला काय करणार न्हाय."

राणीनं पिल्लाला एकदा नाकानं ढुशी दिली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि दगडाच्या सांदीत जाऊन बसली. पिल्लू तिच्या मागोमाग गेलं. संध्याकाळी राणीनं टाकलेलं सगळं खाणं खाल्लं.

आण्णांनी खुर्चीवर बसूनच मोनाला परत फोन लावला. "मोने, ह्यात हरलं कोण गं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच न्हाय आण्णा."

महिन्यानं मोना आली. दारात चप्पल काढायच्या आधी टाकीपुढं जाऊन बसली, आणि आण्णा तिच्या शेजारी जमिनीवर बसले, गुडघे दुखत असतानाही.

त्या वर्षी गावच्या यात्रेत आण्णांचा सत्कार होता. फेटा बांधला, नारळ दिला. मोना आणि बाळाबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. बोलणारा माईकवरनं गर्जला, "चाळीस वर्षांत जोतीरामआण्णांची एकबी जोड चुकली न्हाय!" टाळ्या पडल्या.

आण्णांनी त्याच्या हातातला माईक घेतला.

"चुकली," ते म्हणाले.

त्यांनी लेकीचा शब्द एकदाही चुकू न देता सगळं सांगितलं. दोन मालकिणी, फाटलेली शेपटी, भाजीची बुट्टी, थरथरणारं पिल्लू. लोक आधी हसले, मग ऐकत राहिले. "मला वाटायचं, मला लय कळतंय," आण्णा म्हणाले. "माझ्या घरात सात वर्षं एक वस्ताद हुती, आन् मी तिच्या फडाकडं बघितलं सुद्धा न्हाय. हा फेटा माझा न्हवं. मोने, उठ की. हुबी ऱ्हा, बघू दे गावाला!"

मोना तोंडावर ओढणी धरून उभी राहिली. हलगीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं हलगी वाजवायला सुरुवात केली.