पेटलेला बगळा

मार्गशीर्षातलं धुकं इतकं दाट, की ओढ्याचा पल्याडचा काठ दिसत नव्हता. ढिवराची बयनाबाई कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहून बांबूचा सापळा चाचपत होती. हाताला मासा लागला नाही, चिकट काळं तेल लागलं. धुकं विरलं तेव्हा काठावर पाच पाणमांजरं आणि कितीतरी बगळे मरून पडलेले दिसले. वरच्या अंगाला कारखान्याची तेलाची टाकी फुटली होती.

दुसऱ्या दिवशी गावातलाच नरसिंगराव आला, तोही कारखानदाराच्या बग्गीतून. तहसिलीत मुन्शीगिरी करून हा हैदराबादच्या एका अखबाराला बातम्या पाठवायचा. बयनाबाईचा नवरा डोमाजी भोळा. त्यानं तेल दाखवलंच, वर मुन्शी विचारतो म्हणून कौतुकानं ढिवरांची रीतही सांगितली. उन्हाळ्यात डोहात हिंगणबेटाची फळं कुटून टाकतो, मासे झिंगून वर येतात, अन् पहिला मासा पाणमांजरासाठी दगडावर ठेवतो. ओढ्यात त्याचा हक्क आधीचा. नरसिंगरावानं सगळं मन लावून लिहून घेतलं.

अखबारात आलं, ढिवरांनी जहर घालून मुकी जनावरं मारली. तेलाचं नावही नाही. पोलीस ठाण्याच्या अमिनानं डोमाजीला कोठडीत घातलं.

बयनाबाई रडली नाही. तेलात भिजलेला एक बगळा तिनं गोणपाटात गुंडाळून ठेवला आणि तहसीलदार दौऱ्यावर कधी येतात त्याची वाट पाहू लागली. डोमाजीला नेल्याच्या चौथ्या दिवशी साहेब नरसिंगरावाच्या ओसरीवर चहा पीत होते. बाई सरळ अंगणात शिरली, बगळा चुन्याच्या भिंतीशी टेकवला अन् त्याला पेटता पलिता लावला. भडकन जाळ उठला. भिंत आढ्यापर्यंत काळी झाली.

"सांगा जी मुन्शीजी," ती म्हणाली, "हिंगणबेट असं पेटते काय?"

नरसिंगराव म्हणू लागला, बाईचं डोकं फिरलंय. साहेबांनी कप खाली ठेवला, बगळ्याशी वाकून वास घेतला अन् अमिनाला बोलावणं धाडलं. संध्याकाळी डोमाजी घरी आला.

बयनाबाईचं मन मात्र भरलं नव्हतं. पंधरा दिवसांनी नरसिंगराव तिच्या दारात आला, चेहरा पडलेला. चुन्याचे तीन हात दिले तरी तेलाची काजळी वर येत होती, अन् येणारा-जाणारा थांबून विचारत होता. तिनंच ती भिंत राखेनं घासून द्यावी, असं त्यानं विनवलं. मग ढिवरांचा दोष नाही असं तो छापून आणील.

"अन् कारखानदाराचं नाव?"

तेवढं जमणार नाही, तो म्हणाला.

"मंग राहू द्या. तुमचा अखबार गावात चार जणाले वाचता येते. थे भित समद्यायले वाचता येते."

डोमाजी आतून पुटपुटला, जाऊ दे ना, सुटलो ना मी. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नरसिंगराव दारात उभाच होता. त्याच्याकडे पाठ करून बयनाबाई जात्यापाशी बसली, खुंटा ठोकून घट्ट केला अन् ज्वारीची मूठ आत सोडली.