परसातला कठडा

“होऊन राह्यलं ना, सर!” कुरखेड्यात असताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते ऐकूनच माझं डोकं तापायचं. म्हणणारे माझे घरमालक, भाऊ. कानावर पेन्सिल, हातात पटाशी आणि समोर अर्धवट काहीतरी.

शाळेत बदली होऊन आलो तेव्हा माझ्या खोलीला दार होतं. आठव्या दिवशी ते गेलं. “साधं दार शोभत नाई. मोहाचं झाड कोरतो त्याच्यावर,” म्हणत त्यांनी बिजागऱ्या काढल्या आणि दार अंगणात आडवं केलं. लाकडाच्या डेपोतून निवृत्त झालेला माणूस. हात असा की बघत राहावं. पण तीन पानं कोरून होतात तोच त्यांना झोपाळा सुचला. मी चार महिने पडद्याआड काढले. एकदा कुत्रं शिरून माझ्या पोळ्या घेऊन गेलं. तक्रार केली तर म्हणाले, “कोनतं? ते कान फाटलेलं? त्याचं डोकं मस्त आहे, सर. झोपाळ्यावर कोरतो.”

शेवटी मीच सुतार आणून दुसरं दार बसवलं. झोपाळा काही झाला नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याला आळशी म्हणायची सोय नसते. हे गृहस्थ तर सकाळपासून राबत. तरी न्हाणीला तीनच भिंती, कोंबड्यांच्या खुराड्याला छप्पर नाही.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. गुडघ्यांनी अधू. संडास परसाच्या टोकाला, वाट उताराची. त्या माउलीने नवऱ्याकडे एवढंच मागितलं होतं, “मले धरून चालाले एक बांबू ठोकून द्या, बस.”

भाऊंनी बांबू आणले. खुंटांसाठी साग आणला. आणि प्रत्येक खुंटावर एकेक पाखरू कोरायला घेतलं. नऊ खुंट, नऊ पाखरं. मी दोनदा म्हटलं, “भाऊ, आधी खुंट गाडा, पाखरं मागाहून करा.”

“गाडल्यावर कोरता येते का, सर? होऊन राह्यलं.”

श्रावणात, एक पोपट आणि अर्धा धनेश झाला असताना, बाई त्या वाटेवर घसरून पडल्या. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. चंद्रपूरहून त्यांची मुलगी निघाली होती. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. इतके दिवस गिळलेलं मी एकदाचं बोललो, “भाऊ, बाईंनी पाखरं मागितली होती का?”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मुलगी आल्यावर मिळेल त्या बसने गावी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी परतलो तर परसात कठडा उभा होता. साधे खुंट, तारेने आवळलेले बांबू, पेरंसुद्धा तासलेली नव्हती. भाऊ एकेका खुंटावर सगळा भार टाकून बघत होते. तळहातांना फोड आले होते.

महिन्याभराने बाई घरी आल्या. बांबू धरून परसाच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. भाऊ मागून दोन्ही हात पसरून चालत होते, लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेव्हा चालतात तसे.

“चांगला मजबूत झाला,” बाई म्हणाल्या. भाऊ मान वळवून उगाच कोंबड्यांना हाकलू लागले.

त्यानंतर दीड वर्ष बाई त्या वाटेवर कुणाचा हात न धरता चालल्या. मग तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. थोड्याच दिवसांत माझीही बदली झाली.

मागच्या उन्हाळ्यात कुरखेड्याला गेलो तेव्हा भाऊ परसात फडक्याने बांबूला जवसाचं तेल लावत होते. बाईंचा हात जिथे पडायचा तिथे बांबू काळसर, गुळगुळीत झाला होता. मी नकळत तिथे हात टेकवायला गेलो.

“तिथी नका धरू, सर,” ते म्हणाले. “तेल वलं आहे.”

मी हात मागे घेतला. घेता घेता बोट लागलं, तर बांबू कोरडा होता. तेल अजून तिथवर पोचलंच नव्हतं.