इथलीच भाजी

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. आमच्या दाराशी येणारी बाई 'इथली' म्हणून जी भाजी विकायची, ती इथली नव्हती. मला ते ठाऊक होतं, आणि ते न बोलण्याचा मोबदलाही मी घेत होतो.

ऐंशी सालाच्या मागेपुढे आम्ही वाशीला राहायला आलो. नवी कोरी बिल्डिंग, भोवती सगळा मुरूम. शेजारच्या गावातली एक आगरी बाई सकाळी टोपली घेऊन यायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी, जो एरवी कधी तोंड उघडत नाही, उठून म्हणालो, "ज्यांच्या जमिनीवर आपण राहतो, त्यांनी पिकवलेलंच घेऊ या. बाहेरचं नको." टाळ्या पडल्या. दुसऱ्या भाजीवाल्यांना गेटवरूनच परत पाठवायला लागले. फार मोठं काही केल्यासारखं वाटलं मला.

पुढे एकदा परळला बहिणीकडे मुक्काम करून पहाटेच्या बसने परतत होतो. मागच्या सीटवर ती भाजीवाली. पायाशी गोणपाटात मेथी, वांगी, मुळे. मला बघून तिने पदर तोंडावर ओढला. स्टॉपवर उतरल्यावर मात्र थांबली.

"भायखल्याच्या बाजारातनं आनते, दादा. शेत तुमच्या बिल्डिंगीखाली गेलं. नवरा घरी बसून हाय. तुमच्या बायका इथलीच मागतात, मंग काय करू? कोनाला बोलू नका."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आमच्या पिशवीत मेथीची एक जुडी जास्त पडली.

"मावशी, ही कशाला?" बायकोने विचारलं.

"र्‍हाऊ दे गो. पोरांना घाल."

ती जुडी मी परत करायला हवी होती. केली नाही. मग ती रोजच येत राहिली, आणि आम्ही खात राहिलो.

तिची दया येते म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला समजावायचो. खरी धास्ती होती ती आपलं हसं होण्याची. जिन्यात टोपली टेकल्याचा आवाज आला की दाढीचा हात थबकायचा. कोणी नुसतं "आज मेथी शिळी वाटते" म्हटलं तरी मी घाईने विषय बदलायचो.

आणि मग सेक्रेटरीच्या बायकोने टूम काढली. "मावशी, रविवारी आम्ही सगळे तुझ्या शेतावर येणार. मुलांना झाडावरची वांगी दाखवायचीत."

"चिखल हाय गो तिथं."

"असू दे की. चपला हातात घेऊ."

त्या रविवारी तिच्या जावेचं बाळंतपण निघालं. पुढच्या वेळी शेतात साप निघाला. तिसऱ्यांदा ती अडखळली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "आता काय, साप बाळंत झाला?" सगळ्या खिदळल्या. ती हसली नाही.

"खरं सांग, शेत आहे का तुझं?" सेक्रेटरीच्या बायकोने विचारलं.

"नाय."

"म्हणजे बाजारातली आणून आमच्या गळ्यात मारतेस!"

मी ऑफिसची बॅग घेऊन नेमका त्याच वेळी खाली उतरत होतो. सेक्रेटरीची बायको माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमचाच आग्रह होता ना? तुम्हाला माहीत होतं का हो हे?"

भाजीवाली माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलली असती तर मी संपलो असतो.

"छे, मला काय माहीत," मी म्हणालो आणि भराभर जिना उतरलो. उतरताना कान मागेच होते. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून गेट तिलाही बंद झालं. पुढे ती तुर्भ्याला कुठल्याशा बांधकामावर माती वाहते, असं बायकोने ऐकून आणलं. खरं की खोटं ते बघायला मी गेलो नाही. जाणं अवघड नव्हतं.

ती आज आहे की नाही, ठाऊक नाही. मी तिचं एक देणं लागतो. 'मला माहीत होतं, आणि हिचं शेत आपल्याच बिल्डिंगखाली आहे,' हे त्या जिन्यात, त्या सगळ्यांसमोर मी बोलायला हवं होतं. ते मी अजून फेडलेलं नाही.