डॉक्टरांनी दुधाचं विचारलं तेव्हा

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मी शाहूपुरीतलं दुकान लवकर बंद करू लागलो. रोज संध्याकाळी तिला रिक्षानं दूध कट्ट्यावर न्यायचो. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर बोटभर फेस! ही सवय तिला लहानपणी मीच लावलेली. बायको दूध दोनदा उकळणारी. "आईला सांगू नगंस," मी म्हणायचो, लेक ओठ पुसत हसायची.

महिन्याभरात तिला ताप येऊ लागला. सकाळी उतरायचा, संध्याकाळी परत चढायचा. घाम यायचा, सांधे दुखायचे. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "कच्चं दूध पिता का?" लेकीनं माझ्याकडं पाहिलं. बायको शेजारीच. मीच बोललो, "छे! आमच्यात उकळल्याशिवाय चहालासुद्धा घेत न्हाईत." जावई दूध संघात नोकरीला. त्याला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

आठव्या दिवशी लेक म्हणाली, बाळ कमी हलतंय. तिघं दवाखान्यात पळालो. दारातच मी ओरडलो, "बाई, मी पाजलंय. कच्चं. रोज!"

"काका, मग आठ दिवस काय करत होता?" त्या भराभर रक्ताची चिठ्ठी लिहीत होत्या. असा ताप जनावराच्या दुधातून येतो, त्यात बाळ पोटातच दगावू शकतं, असं त्यांनी बायकोसमोर सांगितलं. तपासणीत तोच ताप निघाला. गरोदरपणात चालतील अशा गोळ्या लगेच सुरू झाल्या.

नात तीन आठवडे आधी आली, पण काय बोंबलत आली! बाहेरच्या एका अनोळखी माणसाला मी मिठीच मारली. "पावणं, नात झाली!"

"व्हय, पण माझ्या पायावरनं उतरा की!"

बाळाचंही रक्त तपासायला गेलं. काल रिपोर्ट आला, काही निघालं नाही. मी पेढे घेऊन दवाखान्याचा जिना धावत चढलो. बायको म्हणाली, "दूध उकळून केल्यात न्हवं?" आणि रडायलाच लागली.

जावईही बाळाजवळ होता; तिथंच त्याला सगळं सांगितलं. त्यानं खुर्ची माझ्याकडं सरकवली. मग म्हणाला, "मामा, आधी बसा. धाप लागलीय तुम्हाला."

"गप्प तर मीही बसले होते, बाबा," लेक म्हणाली.

हे मात्र मी मान्य करणार नाही. प्रश्न तिला विचारला होता. उत्तर मी दिलं.