चाचांनी लावलेली किंमत

भोर-वेल्ह्यातल्या गाईम्हशी चाचांना विचारल्याशिवाय मरत नसत, अशी नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझी पक्की समजूत झाली होती. मी विमा कचेरीत नवा कारकून, आणि भोरचे हे चाचा विम्यासाठी जनावरांची किंमत लावणारे. कागदावर सही डॉक्टरांची असे, पण आकडा चाचांचाच. गोठ्यात शिरताना ते चपला बाहेर काढत. मी एकदा तसाच घुसलो तर म्हणाले, "लेका, तिच्या घरात चाललायस तू." दात, कास, खूर बघून झाले की जनावराकडे पाठ करून ते छप्पर, पाण्याचा उतार, शेजारच्या गोठ्यातल्या माश्या असलं काहीबाही न्याहाळत बसत. वरवे गावात एकाने म्हशीला अंघोळ घालून, शिंगांना तेल चोपडून नवरीसारखी उभी केली होती. चाचांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि किंमत पाडली. "म्हस लई गुणाची हाय, पन पायाखाली चिखल हाय. खुरं सडायला किती दीस लागत्यात?" मालक धुसफुसला, पण पंधरवड्यात त्याने फरशी घातली. मग चाचांनी आपण होऊन किंमत वाढवून दिली.

पासलीला एक एकटी बाई होती. तिचं घर एका म्हशीच्या दुधावर चालायचं. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला मारलेला. करवंदीच्या जाळीत अडकून कान फाटेल, बिल्लाही हरवेल, म्हणून या माउलीने तो काढून देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज हळदकुंकू वाहिलं. पावसाळ्यात घटसर्पाने म्हैस गेली. बिल्ला कानात नसेल तर भरपाई नाही, असा नियम. खबर मिळताच मला आणि चाचांना घेऊन आलेले पुण्याचे साहेब हळदीने माखलेला तो बिल्ला पाहून हसलेच. "मेलेली म्हैस तीच कशावरून?" म्हणाले.

"म्या सांबाळूनच ठिवला हो, सायेब," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तिच्याकडे बघवेना.

म्हैस गोठ्यातच पडलेली होती, पण आमच्यापैकी कुणी अजून तिकडे गेलंही नव्हतं. चाचा उंबऱ्यावर टेकले आणि डोळे मिटून सांगू लागले, "डाव्या शिंगाला बोटभर चीर. कपाळाव दोन भवरं, उजवा जरा वर. मागल्या उजव्या खुराच्या वर चट्टा. शेपटीचा गोंडा पांढरा, त्यात एक काळी बट." दोन वर्षांपूर्वी विम्याच्या वेळी एकदाच पाहिलेली म्हैस होती ती. साहेब गोठ्यात गेले, वाकून एकेक खूण तपासली, ती काळी बटसुद्धा. साहेबांनी भरपाईची शिफारस लिहून सही केली.

दिवाळीनंतर बाईने नवी म्हैस आणली. आम्ही पुन्हा पासलीला गेलो. किंमत झाली, बिल्ला मारून झाला. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिने विचारलं, "चाचा, हिला तर काय व्हनार न्हाई न्हवं?"

कोणतं जनावर कशाने मरेल, याचा अंदाज बांधण्यात चाचांचा उभा जन्म गेलेला.

"काय न्हाई व्हनार, पोरी," म्हणाले.

परतीच्या एसटीत वेल्हे आलं. तेव्हा चाचा खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "तिला बोल्लो त्यवडं कागदाव आणू नगंस." मी आणलं नाही. आज चाचा नाहीत, मलाही नोकरी सोडून वर्षं झाली, म्हणून लिहायचं धाडस केलं.