गुरुजींच्या अँबॅसिडरचा सेल्फ

गोरेगावच्या बाजारात बिसरामचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं शेड, आणि शेडभर बिसरामचं तोंड. हात चांगला चालतो, पण तोंड त्याहून जोरात. बंद पडलेली गाडी घेऊन आलेल्या माणसाला आधी पंधरा मिनिटं बोलणी खावी लागतात, मग गाडी सुरू होते. अशा माणसाला गावानं 'धक्का मिस्त्री' म्हणावं म्हणजे त्याच्या जिवाला किती लागत असेल, पाहा. पण तीन वर्षं गाव त्याला तेच म्हणत होतं.

याला कारण देवानंद गुरुजींची अँबॅसिडर. गुरुजींच्या वडिलांनी घेतलेली, सत्तरच्या दशकातली. गुरुजी तिला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी सांभाळत, म्हणजे रोज पुसत आणि चालवत मात्र नसत. तीन वर्षांपूर्वी थोरल्या मुलीची, रीनाची, बिदाई याच गाडीतून निघाली. जुन्या सेल्फचे, म्हणजे चावीसरशी इंजिन फिरवणाऱ्या मोटरचे, कार्बन बदलून बिसरामनं छातीठोकपणे सांगितलं होतं, "आता दहा वर्षं पाहायचं काम नाई." ऐन वेळी त्या सेल्फनं मान टाकली. नवरीच्या सासऱ्यानं आणि दोन दिरांनी घामाघूम होऊन गाडी ढकलली.

तेव्हापासून तिरोड्याला रीनाच्या सासूला एक वाक्य सापडलं: "हिले त आम्ही धक्का मारून आणली." भाजीत मीठ कमी पडलं तरी धक्का, पाहुणे आले तरी धक्का. रीना सासरी हसून घ्यायची आणि माहेरी येऊन रडायची. टोपणनाव बिसरामला झोंबायचंच, पण पोरीचं हे कानावर आलं त्या दिवशी तो ताटावरून उठला.

म्हणून धाकट्या नूतनचं लग्न केशोरीच्या मुलाशी ठरलं आणि गुरुजी भाड्याची नवी गाडी बघू लागले, तेव्हा बिसराम स्वतःच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काऊन भाड्यानं आणता जी? नवा सेल्फ टाकतो. नाई चालला त दुकानाले कुलूप."

गुरुजी कसेबसे तयार झाले. अट एकच. गाडीला नुकताच रंग दिला होता, बॉनेटच्या आतसुद्धा. त्यावर ओरखडा उमटता कामा नये.

सेल्फ नागपूरहून आला. बिसरामनं बॅटरीची वायर सोडली, पोतं अंथरलं आणि तो गाडीखाली शिरला. सेल्फला दोन बोल्ट. एक सरळ स्वभावाचा. दुसरा अशा सांदीत, की इंची पाना तिथं नीट बसतच नाही. ज्यानं ही गाडी काढली त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत बिसरामनं अर्धा दिवस घालवला. सेल्फ बसला. जाड वायर जोडली, चावीकडून येणारी बारीक वायर जोडली. राहिली अर्थची पट्टी, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी.

त्या पट्टीखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करायचं असतं, नाहीतर करंट कधी जातो, कधी अडतो आणि पट्टी तापते. बिसरामला हे पंचवीस वर्षांपासून ठाऊक. त्यानं कानस उचललीही. पण गुरुजी हात मागे बांधून डोक्याशी उभे होते, अगदी परीक्षेच्या हॉलमध्ये राहायचे तसे.

"बिसराम, नवा रंग आहे."

आख्ख्या तालुक्यात कोणाचं न ऐकणारा हा माणूस चौथीत गुरुजींच्या हाताखाली होता. त्यानं मुकाट्यानं कानस ठेवली आणि रंगावरच पट्टी आवळली. चावी फिरवली, गाडी पाच वेळा सुरू झाली. दोघंही खूश.

लग्नाच्या दिवशी बिदाईला बिसराम पांढरा शर्ट घालून स्टेअरिंगवर बसला. मागे नूतन आणि नवरदेव इंद्रकुमार. चावी फिरवली. कट्. दिवे मंदावले. पुन्हा कट्.

मागे बाह्या सरसावलेली वीस माणसं तयारच होती. "मारा रे धक्का!"

"घ्या!" रीनाची सासू म्हणाली. "दुसरी बी धक्क्यानंच चालली." शेजारी रीना खाली मान घालून उभी होती.

बिसरामनं हँडब्रेक खेचला. वीस माणसं कुथत राहिली, गाडी तसूभर हलेना. तो उतरला. "खबरदार कोणी हात लावला त!" बॉनेट उघडून त्यानं एकेक वायर चाचपली. अर्थच्या पट्टीला हात लावला आणि चटका बसला.

"माहीच चूक हाये," तो मोठ्यानं म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून गावानं पहिल्यांदाच ऐकलं.

भरोसा असूनही खिशात लपवून आणलेला पाना त्यानं काढला, पट्टी सोडली. पण खरवडायला काही नव्हतं. त्याची नजर नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीवर गेली.

"जावईबापू, ते कट्यार द्या."

"अगा बाप्पा!" नवरदेवाची मावशी ओरडली. "घरी पोहोचेपर्यंत ते हातातून सोडत नाई!"

"मंग हात बी आना कट्यारीसंग!"

इंद्रकुमार बँकेत कारकून. त्यानं टोकावरचं लिंबू काढून नूतनच्या हातात दिलं आणि शेरवानीसकट बॉनेटमध्ये वाकला.

"खरवडा. आणखी. लोखंड दिसाले पाहिजे."

रंगाचे कपचे उडू लागले. प्रत्येक खरवडीला गुरुजी डोळे मिटत होते. मग त्यांचं लक्ष रीनाकडे गेलं आणि ते म्हणाले, "लागेल तेवढा खरवडा. सगळा गेला तरी चालेल."

पट्टी आवळली. बिसराम बसला, काळ्या हातानं चावी फिरवली. सेल्फ खणखणीत फिरला आणि इंजिन सुरू झालं. बँडवाल्यांनी लगेच वाजवायला घेतलं.

रीना गर्दीतून खिडकीशी आली. "बिसरामभाऊ, बंद करा."

"काऊन?"

"करा ना."

त्यानं बंद केली. बँडही थांबला. रीनानं सासूचा हात धरून तिला बॉनेटजवळ उभं केलं.

"आता लावा. आई, नीट आयका."

गाडी सुरू झाली. रीनानं पुन्हा बंद करायला लावली, पुन्हा सुरू करायला लावली. मावशी मुहूर्ताबद्दल काहीतरी बोलू लागली, पण कोणी लक्ष दिलं नाही.

"झालं वो बाई," सासू शेवटी पुटपुटली. "आयकलं."

रीनाचे डोळे भरले होते, पण ती हलली नाही.

"आणखी एकदा, भाऊ," ती म्हणाली, आणि बिसरामनं चावी फिरवली.