दहाच्या तासाला तुटणारी लाईन

माझ्या धाकट्या जावेला सगळे भिंगरी म्हणतात. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी ठेवलेलं नाव. जेवायला बसली की मिठासाठी उठायची, मीठ आणलं की पाण्यासाठी. "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलीय माहेरच्यांनी," असं सासूबाई म्हणाल्या आणि ते चिकटलं. आता लोक फोनवरही "भिंगरीताई, नेट गेलं हो," असंच म्हणतात.

नेट जोडणं आणि बिघडलं की दुरुस्त करणं हे तिचं काम. आमच्या भागात जमिनीखालून तार येत नाही. टेकडीवर टॉवर आहे, आणि ज्याला नेट हवं त्याच्या गच्चीवर एक पांढरी थाळी बसवतात, टॉवरकडे तोंड करून. मधे झाड नको, भिंत नको. भिंगरी म्हणते, दोघांची सतत नजरानजर पाहिजे. थाळीपासून केबल खाली घरात येते, तिथे दिवे लुकलुकणारी एक डबी असते. स्कूटरला घडीची शिडी बांधून ही बाई दिवसभर सगळी गावं पालथी घालते. शिडी अशी खडखडते की ती येतेय हे दोन वळणं आधीच कळतं.

गेल्या महिन्यात मात्र तिची झोप उडाली ती आमच्या शेजारच्या वाडीतल्या मास्तरीणबाईंमुळे. मास्तरीणबाई घरात बसून दूरच्या मुलांना गणित शिकवतात. जवळची शाळा दोन तासांवर, तिथे रोज शिकवायला जाणं जमत नाही, त्यामुळे हीच त्यांची शाळा. रोज दहाचा तास. आणि रोज दहा वाजून गेले की लाईन तुटायची. चार मिनिटं, कधी सात मिनिटं. मुलं तिकडे ताटकळत. शेवटी त्यांच्या शिकवणीवाल्या कंपनीनं कळवलं, सोमवारी आमच्या तपासणीच्या बाई तुमच्या तासाला बसतील. तेव्हाही असंच झालं तर मुलं दुसऱ्याकडे देऊ.

भिंगरीनं केबल बदलली. डबी बदलली. थाळी केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे करून पाहिली. ती तिथे असली की सगळं ठणठणीत. घरी आली की मास्तरीणबाईंचा फोन, "पुन्हा गेलं होतं हो."

तिनं आपल्या ऑफिसला विचारलं. तिकडचा मुलगा म्हणाला, "बंद करून परत चालू केलं का?"

"केलं."

"मग पुन्हा एकदा करा."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "ताई, आपल्या सासूबाईंना असं बंद करून चालू करता आलं असतं तर?" सासूबाई आतून म्हणाल्या, "ऐकू येतंय मला. आधी तुला बंद करा, चालू करायचं आपण नंतर बघू." हसलो आम्ही, पण तिचं हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. रविवारी दिवसभर ती अंगणात फेऱ्या मारत होती. भांडं उचलायची, ठेवायची. कात्री शोधायची आणि सापडल्यावर ती कशाला हवी होती ते विसरायची.

"तिथे जाऊन तू काय करतेस?" मी विचारलं.

"काय करते म्हणजे? वर चढते, तपासते, घट्ट करते, पुढच्या घरी."

"म्हणजे हात फिरवतेस. कधी नुसती बसलीस का? बिघाड यायची वाट बघत?"

"मला बसायला जमत नाही, माहितीय तुम्हाला."

मला जमतं. पहाटे अर्धा तास डोळे मिटून देवाचं नाव घेते, त्यात फार मोठं काही नाही, पण थांबायची सवय लागते. म्हटलं, "उद्या मी येते बरोबर. चालतच जाऊ. हत्यारं नाहीत, शिडी नाही. बसायचं फक्त."

"शिडीशिवाय मी म्हणजे शिट्टीशिवाय कुकर," ती म्हणाली. पण आली.

सोमवारी पावणेदहाला आम्ही मागच्या पायवाटेनं मास्तरीणबाईंच्या घरी पोचलो. त्यांनी नुसते हात जोडले आणि खोलीचं दार लावून घेतलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो, डबीसमोर. घर शांत. त्यांचे सासरेही कुठे दिसेनात. म्हातारे भले गृहस्थ. पंचवीस वर्षं गोदामाची राखण केलेली. एरवी भिंगरीची स्कूटर वाजली की लगबगीनं पुढच्या दारी येऊन तिची शिडी धरून उभे राहायचे, ती उतरेपर्यंत.

दहा वाजले. भिंतीपलीकडून अपूर्णांकांचा धडा सुरू झाला. भिंगरी एकदा पदर खोचत होती, एकदा सोडत होती. मी तिच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला आणि मनात नाव घेत राहिले. दहा वाजून सहा मिनिटांनी डबीचा हिरवा दिवा फडफडला आणि लाल झाला. आतून आवाज आला, "ऐकू येतंय का मुलांनो? हॅलो?"

भिंगरी उडालीच. फोनवर सिग्नल बघत मागच्या दारानं बाहेर पडली आणि थबकली. त्या घराला गच्चीवर जायला जिना नाही. मागच्या भिंतीला घरचीच लाकडी शिडी टेकवलेली होती.

"ताई, ही कुणी लावली?"

उत्तराला न थांबता ती चढली. मी मागोमाग चढले आणि कठड्यावरून डोकं काढलं. थाळी कमरेएवढ्या खांबावर होती आणि तिच्या बरोबर तोंडासमोर, मोठी काळी छत्री उघडून, हातात काठी घेऊन, म्हातारेबाबा उभे होते. कठड्यावर दोन कावळे बसले होते आणि बाबा त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते.

खाली मास्तरीणबाईंच्या खोलीची खिडकी उघडी होती. वर ओरडलं असतं तर तासात ऐकू गेलं असतं. भिंगरीनं धावत जाऊन छत्री मिटली, बाबांचा हात धरला आणि त्यांना खाली बसवलं. स्वतःही बसली. दोघं थाळीच्या पायाशी, डोकी तिच्याखाली.

"काय झालं पोरी?" बाबा कुजबुजले.

"उठू नका. थाळीला टॉवर दिसायला हवा."

"मी तर कावळे हाकलतोय. थाळीवर चोच मारतात मेले. सूनबाईंचा तास सुरू झाला की रोज येतो, ते उडाले की उतरतो."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"राखण सांगून करायची असते होय?"

खालून आवाज आला, "हं, आता दिसतंय सगळ्यांना? चला, छेद सारखा करून घेऊ."

शिडीकडे यायचं तर थाळीसमोरूनच यावं लागत होतं. म्हणून दोघं तिथेच राहिली, आणि मी शिडीवरच. चाळीस मिनिटं. ऊन चढत होतं. भिंगरीचा पाय सारखा थरथरत होता आणि ती तो हातानं दाबून धरत होती. कावळा थाळीवर येऊन बसला, चोच घासली, उडून गेला. दिवा हिरवाच. बाबांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"नाही बाबा. वाऱ्यानं हलू नये म्हणून खांब मी बुटका लावला. माणसाच्या डोक्याच्या वर पाहिजे होता. आणि मी आले की तुम्ही माझी शिडी धरायला खाली, मग मला सापडणार काय?"

तास संपला. मास्तरीणबाई खोलीतून धावत अंगणात आल्या. "सुरुवातीला एकदाच अडकलं! त्या बाई म्हणाल्या, तेवढं चालतं. मुलं माझ्याकडेच राहिली!" मग वर बघून, "अहो, तुम्ही दोघं वर काय करताय?"

भिंगरी म्हणाली, "तपासत होतो. बाबांच्या मदतीनं सापडलं."

दुपारी तिनं स्कूटर नेऊन खांब उघड्या छत्रीच्याही वर जाईल इतका उंच केला. घरी आल्यावर ऑफिसला पाठवायच्या फोनवरच्या नोंदीत कारण लिहायला बसली. मी म्हटलं, "अगं, कावळे लिही. कावळ्याला कोण विचारतंय?"

तिनं लिहिलं, खांब बुटका, बसवणाऱ्याची चूक.

"बोलणी बसतील तुला."

"बसू देत. पण ताई, असेच बुटके खांब मी आणखी अकरा घरांवर लावलेत. तिथे रोज कोण कशाला उभं राहत असेल, देव जाणे."

"उद्या बघ. ताट वाढलंय."

पण ती उठलीच होती. सासूबाई म्हणाल्या, "निघाली!" आणि शिडीचा खडखडाट वळणापर्यंत ऐकू येत राहिला.